सांगलीच्या पाण्यावर नवीन फिश टँक: पहिले दोन महिने पाणी कसं सांभाळायचं

दोन फुटी टँक आणला, रंगीत खडी धुवून टाकली, नळाचं पाणी भरलं, दुकानातनं मिळालेल्या बाटलीतले चार थेंब सोडले आणि त्याच संध्याकाळी आठ-दहा मासे टाकले. आपल्याकडं सांगली-मिरजेत बहुतेक घरी टँक असाच सुरू होतोय. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होतं, आठवड्याभरात मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात, दुकानात विचारलं की निळं औषध देतात, ते टाकून पण एकेक मासा जातो आणि घरात लहान पोरं असतील तर ती रडून घर डोक्यावर घेतात. यातले बहुतेक मासे आजारी नसतातच. पाणी तयार नसतंय. आणि आपल्याकडच्या पाण्यात ही चूक जरा जास्तच महागात पडते, ते का आणि त्यावर करायचं काय हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी अमोनियाचं समजून घ्या

मासा श्वासातनं म्हणजे गिल्समधनं (कल्ल्यांतनं) सतत अमोनिया बाहेर टाकतो, त्यात विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य कुजून अजून भर पडते. नदीत तो वाहून जातो, टँकात तिथंच साठतो. जुन्या टँकात फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर असे जिवाणू असतात की ते अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि दुसऱ्या गटातले जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया विषारी, नायट्राइट पण विषारी (माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच जाते, गिल्स तपकिरी दिसायला लागतात), नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात मासे सहन करतात आणि आपण पाणी बदलून तो काढू शकतो. नवीन टँकात हे जिवाणू जवळपास नसतात, ते वाढायला साधारण ३ ते ६ आठवडे लागतात. याला टँक सायकल होणं म्हणतात. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय म्हणून चांगलं आहे असं अजिबात धरू नका, अमोनिया डोळ्यांना दिसत नसतो.

आता आपल्या पाण्याची गोष्ट. पाण्यातला सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. त्याचा मोठा भाग अमोनियम रूपात असतो, त्याचा त्रास कमी. उरलेला मोकळा अमोनिया हा खरा घातक. तो किती असणार हे पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) आणि तापमानावर ठरतं. पाणी २८ अंशावर असेल आणि पीएच ७ असेल तर टेस्टमध्ये दिसणाऱ्या १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम) अमोनियापैकी फक्त ०.००७ च्या आसपास मोकळा असतो. तेच पीएच ८ ला ०.०६५ होतं, म्हणजे नऊपटीनं जास्त, आणि पीएच ८.४ ला ०.१५. साधारण ०.०२ च्या वर दिवसेंदिवस राहिलं तरी माशांना त्रास सुरू होतो. आपली जमीन काळ्या पाषाणावरची, पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, त्यामुळं नळाचं असो की बोअरचं, पीएच बऱ्याचदा आठच्या आसपास किंवा वरच येतो, त्यात एप्रिल-मेची उष्णता. म्हणून दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसानं व्हिडिओत सांगितलं की १ पीपीएमपर्यंत चालतंय, तर ते त्याच्या पाण्यात चालत असेल, आपल्याकडं नाही.

पहिली खरेदी टेस्ट किटची

माझं मत स्पष्ट आहे, माशांच्या आधी किट घ्या. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच, हे चार थेंबवाले लिक्विड किट. पट्टीवाल्या स्ट्रिप असतात त्यात बऱ्याच वेळा अमोनिया नसतोच आणि आपल्याला पहिल्या महिन्यात नेमका तोच बघायचा असतो. बजेट कमी असेल तर निदान अमोनिया आणि नायट्राइट दोन घ्या, एखादा मासा कमी घ्या पण हे घ्या. नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली जोरात आणि चांगली अर्धा मिनिट हलवायची असते, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो आणि बरेच जण फक्त तोच घेतात, पण त्याला अमोनिया कळत नाही. तो फक्त एकूण क्षार सांगतो.

पाणी कुठलं भरायचं

महापालिकेचं नळाचं पाणी कृष्णेचं, ते क्लोरीन काढलं की टँकाला चांगलं आहे, आणि मी तरी तेच वापरा म्हणेन. बोअरचं पाणी वापरणार असाल तर आधी तीन गोष्टी बघा: टीडीएस, पीएच आणि नायट्रेट. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यात नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यात काही बोअर इतके खारट आहेत की तिथं टीडीएस हजाराच्या वर जातो, आणि उसाला युरिया पडतोय तिथल्या विहिरी-बोअरमध्ये नायट्रेट आधीच असू शकतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादाच लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, तुमच्या बोअरला तेवढं असेल तर पाणी बदलून नायट्रेट कधी कमी होणारच नाही. शिवाय बोअरचं पाणी जमिनीतनं येताना त्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, म्हणून ते बादलीत एक दिवस एअर पंप लावून ठेवायचं आणि मगच पीएच मोजायचा, पंपातनं आलं तसं मोजलेलं खरं नसतं.

आता आरओचं. वीस लिटरचा जार आणून टँक भरणारे पण आहेत, शुद्ध पाणी म्हणून. नका करू. आरओच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळपास नसतं, म्हणजे केएच शून्याजवळ, आणि हे केएचच पीएचला धरून ठेवतं. जिवाणू अमोनिया खाताना केएच पण संपवतात, प्रत्येक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागं साधारण ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी (म्हणजे हे केएचच) जाते. केएच संपलं की पीएच धाडकन खाली येतो, साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात आणि सायकल अडकते. बोअर फारच खारट असेल तर आरओ आणि बोअर निम्मं-निम्मं मिसळा, ते चांगलं बसतं. केएच ४ डिग्रीच्या (तापमान नव्हे, केएच मोजायचं एकक) वर ठेवा. कमी असेल तर खायचा सोडा, १०० लिटरला ३ ग्रॅम टाकला की केएच साधारण १ डिग्री वाढतं, एका दिवसात १ डिग्रीच्या वर वाढवू नका. साताऱ्याच्या लोकांनी हे नीट वाचा, कासच्या तलावाचं पाणी येणाऱ्या भागात जांभ्याच्या पठारावरचं पावसाचं पाणी असतं, तिथं केएच कमी निघायची शक्यता जास्त, मोजूनच ठरवा.

क्लोरीन

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलेलं नळाचं पाणी थेट टँकात गेलं तर माशांच्या गिल्स जळतात आणि जे जिवाणू आपण महिनाभर वाढवतोय ते पण मरतात. उपाय दोन. एक, पाणी उघड्या बादलीत किंवा ड्रममध्ये २४ तास ठेवायचं, एअर पंप सोडला तर अजून लवकर उडतं. दोन, हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, मत्स्य दुकानात सुटे मिळतात आणि अँटीक्लोरीन म्हणून बाटलीत मिळतं ते पण बहुतेक वेळा हेच असतं. १ भाग क्लोरीनला साधारण ७ भाग हायपो लागतो, म्हणजे १ पीपीएम क्लोरीन असलेल्या १०० लिटरला ०.७ ग्रॅम, आपण १ ग्रॅम धरला तर पुरून उरतो. क्लोरीन गेलाय का ते बघायला ओटी टेस्टची छोटी बाटली घ्या, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक वापरतो तीच, थेंब टाकल्यावर पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. टेस्ट केलेलं पाणी टँकात परत ओतायचं नाही, फेकून द्यायचं. आणि हायपो अमोनिया काढत नाही हे पण ध्यानात ठेवा.

टँक मांडताना

लिटर काढायला इंचातली लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ६१. २४ बाय १२ बाय १५ चा टँक सत्तर लिटरचा, पण खडी आणि वरची रिकामी जागा सोडली तर खरं पाणी ५५-६० लिटरच बसतं. औषध, मीठ, सोडा सगळं या खऱ्या लिटरवर मोजायचं.

पांढरी मार्बलची खडी, शिंपले, शंख दिसायला छान पण ते विरघळून कडकपणा आणि पीएच वाढवत राहतात, आपलं पाणी आधीच कडक, त्यात नको. आपल्याकडचा काळा पाषाण टँकाला एकदम चांगला, फक्त त्यात पांढऱ्या स्फटिकाच्या गाठी असतात तिथं व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाकून बघा, फसफसलं तर तो दगड बाजूला ठेवा. फिल्टर कुठलाही चालेल, स्पंज फिल्टर स्वस्त आणि नवशिक्याला सगळ्यात भरवशाचा. फिल्टर २४ तास चालू ठेवायचा, रात्री आवाज येतो म्हणून बंद करायचा नाही. बंद केला की जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही.

मासे न टाकता सायकल करायची पद्धत

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. मासे टँकात नसताना आपणच थोडा अमोनिया टाकायचा आणि जिवाणू वाढू द्यायचे. त्यासाठी अमोनियम क्लोराइड लागतं, आपल्याकडं त्याला नवसागर म्हणतात, कल्हईवाले वापरतात तो. पण कल्हईच्या मालात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, म्हणून लॅब केमिकलच्या दुकानातनं शुद्ध मागा, छोटी बाटली कित्येक टँकांना पुरते.

१० ग्रॅम नवसागर पाण्यात विरघळवून एकूण अर्धा लिटर द्रावण करा, बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही तिथं ठेवा, ब्लीचिंग पावडरच्या जवळ तर अजिबात नको. टँक क्लोरीन काढलेल्या पाण्यानं भरलेला, फिल्टर आणि एअर पंप चालू, लाइट बंद. ६० लिटर पाण्याला या द्रावणातलं २० मिली टाकलं की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. तासाभरानं टेस्ट करून खात्री करा. ४-५ च्या वर नेऊ नका, जास्त टाकल्यानं लवकर होत नाही, उलट जिवाणू अडखळतात.

मग एक दिवसाआड टेस्ट. पहिला आठवडाभर काहीच हलत नाही आणि इथंच लोकांचा धीर सुटतो. सोडू नका. आठवडा-दहा दिवसांत अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट दिसायला लागतं. अमोनिया अर्ध्या पीपीएमच्या खाली आला की निम्मा डोस म्हणजे १० मिली परत टाका. नायट्राइटचा टप्पा सगळ्यात लांबतो, किटचा रंग शेवटच्या जांभळ्याला जाऊन तिथंच राहतो, तसं झालं तर निम्मं पाणी बदला. मधेच एखाद दिवशी पीएच पण बघा, घसरत असेल तर पाणी बदला नाहीतर सोडा. पाणी २७ ते ३० अंश असेल तर काम लवकर होतं, त्यामुळं फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू केलेला टँक डिसेंबरच्या टँकापेक्षा आधी तयार होतो.

संपलं कधी म्हणायचं? २ पीपीएमचा पूर्ण डोस टाकून २४ तासांनी अमोनिया शून्य आणि नायट्राइट पण शून्य, असं दोनदा लागोपाठ आलं की झालं. आता नायट्रेट भरपूर साठलेलं असतं, ७०-८० टक्के पाणी बदला आणि एक-दोन दिवसांत मासे आणा. लगेच आणणार नसाल तर अमोनिया थोडा थोडा टाकत राहा, उपाशी राहिले की जिवाणू कमी होतात.

हे सगळं लवकर करायचं असेल तर ओळखीच्या कुणाचा सहा महिने चाललेला, रोग नसलेला टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरात बसवा, दह्याला विरजण लावतो तसंच आहे ते, महिनाभराचं काम आठवड्या-दोन आठवड्यांवर येऊ शकतं. आणताना टँकाच्याच पाण्यात ओला ठेवून आणा, वाळला की गेला. बाटलीतले जिवाणू मिळतात त्यातले काही उपयोगी पडतात काही नाही, टाकायचे तर टाका पण निकाल किटवरच ठरवा, बाटलीवर काय छापलंय त्यावर नाही.

मासे आधीच सोडलेत, आता काय

घाबरून सगळं पाणी ओतून टँक घासून काढू नका. सकाळी अमोनिया आणि नायट्राइट मोजा, दोन्ही मिळून ०.५ च्या वर असेल तर निम्मं पाणी बदला, आपल्या पीएचला ०.२५ वरच बदललं तर अजून बरं, लागलं तर रोज. नवीन पाणी क्लोरीन काढलेलं आणि हाताला टँकाइतकंच कोमट-गार लागणारं. खाद्य एक दिवसाआड आणि तेही चिमूटभर, मासे आठवडाभर न खाता सहज राहतात, उपाशी मरतील ही काळजी सोडा. एअर स्टोन जोरात चालू ठेवा. नायट्राइट आलं असेल तर खडे मीठ, ६ लिटरला १ ग्रॅम, म्हणजे ६० लिटरला १० ग्रॅम पाण्यात विरघळवून टाका, मिठातला क्लोराइड नायट्राइटला गिल्समधनं आत जाऊ देत नाही. इतक्या मिठानं झाडांना किंवा कॅटफिशला काही होत नाही. बदललेल्या पाण्यापुरतं मीठ परत टाकायचं, नुसतं उडून कमी झालेल्या पाण्यासाठी नाही.

निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू, ते या काळात मुख्य टँकात टाकू नका, जिवाणूंनाच मारतं. दुधाळ पाणी झालं तर तो वेगळ्या जिवाणूंचा फुलोरा असतो, चार-आठ दिवसांत आपोआप जातो, फक्त खाद्य कमी करा. पाणी हिरवं झालं असेल तर लाइट किंवा खिडकीचं ऊन जास्त पडतंय, लाइट दिवसाला ६ ते ८ तासांवर आणा. काचेवर तपकिरी थर येतो तो नवीन टँकात येतोच, पुसून काढा.

मासे कुठले आणि किती

कडक, पीएच आठवाल्या पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल मजेत राहतात, त्यांना हेच पाणी आवडतं. डिस्कस किंवा नाजूक टेट्रा यांच्यासाठी पीएच कमी करायची औषधं टाकत बसू नका, आपलं केएच तो परत वर आणतं आणि या खाली-वर होण्यानंच मासे खचतात. ६० लिटरला गोल्डफिश नको, घाण खूप करतो आणि वाढतो पण. शार्क म्हणून विकतात तो पंगास तर फूट-दोन फूट होणारा मासा आहे, दोन फुटी टँकात त्याला वळायला पण येत नाही.

पूर्ण सायकल झालेल्या ६० लिटरला आधी पाच-सहा गप्पी सोडा, आठवडाभर रोज अमोनिया बघा, शून्यच राहिला तर पुढचे. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टँकाचं पाणी पिशवीत घाला आणि मासा जाळीनं उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टँकात ओतायचं नाही.

नंतरचं रोजचं

आठवड्यातनं एकदा २५ ते ३० टक्के पाणी बदलायचं, सायफननं खडीतली घाण ओढायची. नायट्रेट ४० च्या खाली, जमलं तर २० च्या. टँकाच्या वरच्या कडेला मनी प्लांटची फांदी लावून मुळं पाण्यात सोडा, नायट्रेट चांगलं ओढतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, काढलेल्या टँकाच्या पाण्यातच दोनदा पिळायचा, आणि तोही प्रवाह कमी झाल्यावरच. एकाच दिवशी फिल्टर पण धुतला आणि खडी पण साफ केली असं करू नका.

एक धोका वेगळा सांगतो. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टँकात पीएच सहापर्यंत उतरलेला असतो आणि अमोनियम साठलेलं असतं, मासे कसेबसे टिकून असतात. त्यात एकदम निम्मं नळाचं पाणी ओतलं की पीएच वर जातो, साठलेलं सगळं मोकळ्या अमोनियात बदलतं आणि तासाभरात मासे जातात. असा टँक सांभाळायला मिळाला तर रोज ५-१० टक्केच बदला.

उन्हाळा, लाइट जाणं आणि पूर

२५ अंशाच्या पाण्यात लिटरला ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशाला ७ च्या आत येतो, सांगली साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळं त्याहून थोडा कमीच. मे महिन्यात झाकण उघडून पाण्यावर छोटा फॅन सोडा, दोन-तीन अंश उतरतं. पाणी उडून कमी होतं तेव्हा क्षार मागंच राहतात, म्हणून ती भर आरओच्या पाण्यानं घाला, पण आठवड्याचं पाणी बदलणं सोडू नका. बर्फ टाकायचा नाही.

लाइट चार-पाच तास जाते अशा भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवाच. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर रात्रभर बंद राहिला असेल तर लाइट आल्यावर तसाच सुरू करू नका, आतलं वास मारणारं पाणी ओतून टाका, मीडिया (आतला स्पंज वगैरे, ज्यावर जिवाणू राहतात) टँकाच्या पाण्यात हलकं खळबळा, मग लावा.

पावसाळ्यात कोयनेतनं विसर्ग वाढला, आयर्विन पुलाजवळ पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडं चालली अशी बातमी आली की टँकवाल्यांनी पण एक ड्रम पाणी भरून हायपो टाकून झाकून ठेवावं. ऑगस्ट २०१९ सारखा पूर आला तर पाणीपुरवठा कधी सुरू होईल हे कुणाच्या हातात नसतं. तेवढे दिवस खाद्य पूर्ण बंद, एअर चालू, ड्रममधलं पाणी थोडं थोडं. पुरवठा सुरू झाल्यावर पहिलं पाणी गढूळ आणि टीसीएल जास्त असलेलं येतं, ते एक-दोन दिवस निवळू द्या, ओटी टेस्ट करा, गडद पिवळं आलं तर हायपो दुप्पट टाकून परत टेस्ट करा. घरात पाण्याला तुरटी फिरवत असाल तर ते पाणी टँकात नको, तुरटीनं केएच आणि पीएच उतरतो. एकदम निम्मं न बदलता दहा-पंधरा टक्क्यांनी सुरुवात करा आणि पुढचे तीन दिवस अमोनिया-नायट्राइट रोज बघा, क्लोरीननं थोडे जिवाणू गेले असतील तर ते इथंच कळतं.